ठाकूरद्वारच्या बॅटऱ्या चार्जिंगवरून उतरवण्याबाबत

मी, दुर्गा विश्वनाथ राजाध्यक्ष, वय सत्तावीस, एम. ए., धंदा बॅटरी चार्जिंग, राहणार ठाकूरद्वार, मुंबई, हे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही, पण मृत्युपत्राला छाती लागत नाही, असं तात्या वकील म्हणतात. सोमवारी ऑपरेशन आहे. उजव्या फुफ्फुसाचा एक तुकडा काढणार. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही, पण घरचं काही लिहायचं असेल तर लिहून टाका." म्हणून लिहिते. कोणी धमकावलेलं नाही, भुलवलेलं नाही. या आधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. या आधी जे मृत्युपत्र होतं ते माझ्या वडिलांचं, नानांचं, आणि त्याच्यामुळेच हे करावं लागतंय.

कलम १. पोस्टातलं पुस्तक, आईच्या दोन बांगड्या, घरातली भांडी, माझी सगळी पुस्तकं धाकटी बहीण कौसल्येला. पुस्तकांतून कागद निघतील, त्यावर काहीबाही लिहिलेलं असेल. ते वाचायचं की चुलीत घालायचं ते तिने ठरवावं. लोकांना वाचून दाखवू नये.

कलम २. थोरला भाऊ माधव जमशेदपूरला असतो. पत्रात लिहितो, "तू आहेस म्हणून दुकानाची काळजी नाही." त्याला मी नानांचं मृत्युपत्र देते, मूळ प्रत. त्यात नानांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, "विश्वनाथ बॅटरी चार्जिंग वर्क्स हे दुकान माझ्यामागे चि. दुर्गाने चालवावे, एक दिवसही बंद ठेवू नये, तिच्याइतकी हुशार माझ्या घरात कोणी नाही." माधवने ते भिंतीवर लावावं. हुशार नसल्याचा फायदा त्याला रोज दिसत राहील.

कलम ३. नानांची खुर्ची कोणालाच नाही. मोडावी.

कलम ४. हे कलम लांब आहे. तात्या म्हणाले, "हकीकत मृत्युपत्रात लिहायची नसते, पोरी." मी म्हटलं, "मग कुठे लिहायची?" ते म्हणाले, "लिही बाई."

आमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर ओळीने बॅटऱ्या. टॅक्सीवाल्यांच्या, लग्नातल्या बँडवाल्यांच्या, आणि गेली तीन-चार वर्षं सभांच्या भोंग्यांच्या. मैदानात वीज नसते, भोंगा मोटारच्या बॅटरीवर चालतो, आणि ती बॅटरी आमच्याकडे भरली जाते. नाना छाती काढून सांगायचे, "संयुक्त महाराष्ट्र आपल्या फळीवरून बोलतो."

बॅटरीचे नियम सोपे आहेत. रिकामी ठेवायची नाही, प्लेटींवर पांढरा थर चढतो आणि मग ती मरते. घाईने भरायची नाही, तापते. आतलं पाणी प्लेटींच्या वर राहिलं पाहिजे, आणि कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड पाणी घालायचं, नळाचं नाही, विहिरीचं नाही, गंगेचंही नाही. चार्जिंग चालू असताना आत वायू सुटतो. ठिणगी पडली की भडका. म्हणून आमच्याकडे गणपतीपुढे उदबत्ती लावत नाहीत, सहा व्होल्टचा छोटा बल्ब लावतात.

हे नियम मला नानांनी नाही, भिवाजींनी शिकवले. श्री. भिवा सखाराम तांबे, राहणार परळ. आधी गिरणीच्या बॅटरीखोलीत होते, मग वीस वर्षं आमच्याकडे. नाना त्यांना "ए भिवा" म्हणायचे. डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या तेच परळहून ओळखीच्या कारखान्यातून आणायचे, आणि प्रत्येक बॅटरीत पाणी त्यांच्याच हाताने पडायचं. पण प्यायच्या पाण्याचे दुकानात दोन माठ होते. आमचा पुढे, टेबलाशेजारी. भिवाजींचा मागे, मोरीजवळ. मी लहानपणापासून ते दोन माठ बघत आले आणि मला कधी काही वाटलं नाही, हेही इथे नोंदवते.

छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार सुरू झाला तेव्हा मी नानांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. बडोद्याच्या कॉलेजात लेक्चररच्या जागेची मुलाखत होती, त्याच रात्रीच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये होतं. अर्ध्या तासात रस्त्यावर दगड, मग पोलीस, मग अश्रुधूर. नानांनी दार ओढलं, झरोका बंद केला. कर्फ्यू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं आत. भिवाजी परळला अडकलेले, डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्याही त्यांच्याचकडे. मोरीला नळ नाही, नळ वाडीत. पुढचा माठ पहिल्याच रात्री संपला.

सकाळी मी मागच्या माठातून प्यायले. नाना म्हणाले, "दुर्गे, काय करतेस?"

"पाणी पिते. तुम्हीही घ्या."

"मला तहान नाही."

त्यांचे ओठ फुटले होते. दुपारी त्यांनी झाकणं काढून बॅटऱ्या पाहिल्या. चार बॅटऱ्यांचं पाणी उतरलेलं, प्लेटींची टोकं उघडी पडायला आलेली. चारही सभेच्या भोंग्यांच्या. मी म्हटलं, "चार्जर बंद करू या." ते म्हणाले, "चार्जर बंद होणार नाही." मग त्यांनी भिवाजींचा माठ उचलला आणि उरलेलं पाणी चारही बॅटऱ्यांत ओतलं. एक घोट स्वतः घेतला नाही. जे पाणी माझ्या बापाच्या घशाला चाललं नाही ते त्याने बॅटरीला पाजलं, जिला ते खरोखरच चालत नाही.

कर्फ्यू उठल्यावर भिवाजी आले. माठ उपडा पाहून म्हणाले, "माझा माठ कोणी संपवला?"

मी म्हटलं, "मी प्यायले."

"सगळा?"

मी उपडा माठ सरळ केला. त्यांनी फळीकडे पाहिलं. बॅटऱ्यांच्या डोक्यावर ओघळ सुकले होते.

महिन्याभरात चारही बॅटऱ्या चार्ज धरेनात. काळाचौकीच्या सभेत वक्ता हात वर करून उभा आणि भोंगा गप्प. दुसऱ्या दिवशी समितीची पाच-सहा मंडळी दुकानात. एकाने विचारलं, "नाना, हे काय?" नानांनी माझ्याकडे बोट केलं. "पोरीनं नळाचं पाणी घातलं. कॉलेजात शिकलेली. काय सांगणार?"

मंडळी हसली. त्या दिवसापासून टॅक्सीवाल्यांत माझं नाव नळवाली. "नळवाली आहे का? मग उद्या येतो."

बडोद्याहून दुसरं पत्र आलं होतं, मार्चमध्ये या म्हणून. मी गेले नाही. आधी हे नाव पुसू, मग जाऊ, असं ठरवलं. फक्त एक महिना. मी भिवाजींकडून सगळं शिकले, एक बॅटरी परत आली नाही, तरी नाव काही पुसलं गेलं नाही. पुढच्या वर्षी नाना गेले आणि वर दिलेला कागद निघाला. लोक म्हणाले, "बघा, मुलीवर केवढा विश्वास!"

तर मी सर्वांसमक्ष जाहीर करते की ते पाणी विश्वनाथ राजाध्यक्ष यांनी घातलं. मी घातलं नाही. एवढी एकच गोष्ट मला कोर्टाच्या शिक्क्यासह हवी होती.

कलम ५. आता मुद्द्याचं. दुकानाचं काय?

गेले तीन आठवडे मी तपासण्यांसाठी हॉस्पिटलात आहे, आजच्यापुरती सुटी घेऊन आले. परवा कौसल्या मला तिथे भेटायला आली, निळं लुगडं नेसून. पदराला बारीक बारीक भोकं. अ‍ॅसिडचा थेंब पडतो तेव्हा काही दिसत नाही, कापड धुतलं की भोक पडतं. माझी सगळी लुगडी तशीच आहेत. मी म्हटलं, "तू दुकानात जातेस?"

"नुसती जाऊन बसते गं."

"बसून भोकं पडतात?"

"बॅटरी किती भरली ते हायड्रोमीटरने बघायला शिकवलं भिवाकाकांनी. मीच मागे लागले. ताई, कोणीतरी उघडायलाच हवं ना? तू बरी होईपर्यंत."

"कॉलेज?"

"एकच टर्म बुडेल."

मी म्हटलं होतं एकच महिना. ही वीस वर्षांची आहे.

मी मेले तर दुकान वारसाने कौसल्येकडे जाईल, कारण माधवला नको आणि सगळे म्हणतील, तिला येतं. मी जगले तर तीन महिने पडून राहीन आणि तोवर तिला आणखी येईल. म्हणून मी असं लिहिलं होतं: "विश्वनाथ बॅटरी चार्जिंग वर्क्स, चार्जर, फळ्या, अ‍ॅसिडच्या बरण्या व नावासकट, मी श्री. भिवा सखाराम तांबे यांना देते. हे दुकान खरं त्यांचंच आहे." लिहून मला फार बरं वाटलं. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटलं.

आज शनिवारी आम्ही दुकानातच बसलो. मी, कौसल्या, तात्या आणि भिवाजी. तात्यांनी कलम वाचून दाखवलं. भिवाजींनी हात पुसले.

"बाई, मला नको."

"का? तुमच्यावाचून हे चाललंच नसतं."

"म्हणून तर. मालकांनी तुम्हाला दिलं, तुम्ही मला देताय. मी कोणाला देऊ? माझी मीरा यंदा मॅट्रिकला बसते. तिला हे बरण्या उचलायला लावू?"

"मग विकून टाका."

"तुम्ही का नाही विकलं?"

मी विषयच बदलला. मी म्हटलं, "भिवाजी, माठाचं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही का नाही बोललात?"

"मालक खोटं बोलत होते, तुम्ही गप्प होतात, मी नोकर. कोणी बोलायचं होतं, बाई?"

तात्या चष्मा पुसत म्हणाले, "कलम असू दे. नको असेल तर भिवा नंतर नाकारू शकतो. आता साक्षीदार बघा. एक मी. दुसरा असा हवा की ज्याला यातून काही मिळत नाही. ज्याला मिळतं त्याची साक्ष मी घेत नाही, पुढे कटकट होते. वाडीतून कोणाला बोलवू?"

भिवाजी म्हणाले, "कशाला बोलवता? मी बसतो साक्षीला."

"अरे, पण मग तुझं कलम..."

"काढा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कलम खोडलं. खोडलेल्यावर माझी सही आहे.

त्या जागी असं वाचावं: दुकान कोणालाही देत नाही. दुकान बंद. गाळा भाड्याचा, तो घरमालकाला परत. प्रत्येक बॅटरी पूर्ण भरून, टोकांना व्हॅसलीन लावून, ज्याची त्याला परत करावी आणि महिन्यातून एकदा दुसरीकडे भरून घ्यायला सांगावी. भिवाजी म्हणतात सगळ्या भरायला चार दिवस लागतील. ते चार दिवस ते स्वतः बसतील, पाचव्या दिवशी कुलूप. कौसल्येने या चार दिवसांत दुकानाची पायरी चढू नये.

तात्यांचं म्हणणं, हे कायद्यात बसत नाही. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं, चार दिवसांत नाही. सोमवारी मी वाचले तर हा नुसता कागद. म्हणजे मेले तर सुटले, आणि जगले तर नानांचं कलम चालू. मी भिवाजींना विचारलं, "मी वाचले तर?"

ते म्हणाले, "तर उघडू नका. एवढंच."

एवढंच. अडीच वर्षांत मला ते जमलेलं नाही, पुढे जमेल याची मी खात्री देत नाही. म्हणून कलम पाच माझ्या मरणाची वाट बघणार नाही, आज सहीपासून लागू आहे, आणि उद्या मीच आडवी आले तर माझंही ऐकू नये, असं मी शुद्धीवर असताना लिहून देते.

कलम ६. वरचा मजकूर तात्या वाचून दाखवत असताना एक टॅक्सीवाला बॅटरी खांद्यावर घेऊन दारात आला, ते घडलं तसं नोंदवते. कौसल्या उठली. मीही उठले, मला उठायची मनाई असताना. दोघींचे हात पुढे झाले होते. भिवाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "नवीन घेत नाही."

"मग उद्या आणू?"

कौसल्या माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "उद्या नाही. परवाही नाही. पुढे भुलेश्वरला दुसरं दुकान आहे, तिकडे जा."

तो पुटपुटत गेला. मी बसले. लगेच सही केली, ती थोडी वाकडी आली आहे. ती माझीच आहे.

दुर्गा विश्वनाथ राजाध्यक्ष

लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही तिच्यासमोर:

१. भिवा सखाराम तांबे, परळ. यातून मला काही मिळत नाही.
२. हेरंब दत्तात्रय जोगळेकर ऊर्फ तात्या, वकील, ठाकूरद्वार. कलम पाचबद्दल माझा सल्ला वेगळा होता.

मुक्काम ठाकूरद्वार, मुंबई. शनिवार, ११ ऑक्टोबर १९५८.