न वाचलेल्या पुस्तकांची वाटणी

मी, खाली सही करणार, धंदा चष्मे बनवण्याचा (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय सांगत आहे आणि वकीलबाई ते लिहून घेत आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दृष्टी मात्र पूर्ण गेली आहे. चष्मेवाल्याचेच डोळे जावेत, यावर करता येतील ते सर्व विनोद माझ्या धाकट्या भावाने करून झाले आहेत. आणखी नकोत.

दृष्टी नसलेल्या माणसाला सगळा मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सही घ्यावी, असं वकीलबाईंचं म्हणणं. ते काम मी माझ्या सुनेकडे दिलं आहे. आत काय लिहिलंय हे तिला ठाऊक नाही.

१. भिंगं घासायचं यंत्र आणि नंबर तपासायच्या काचांची पेटी माझ्या दुकानातल्या जुन्या कारागीर बाईंना द्यावी. त्यांचं स्वतःचं दुकान आता माझं चालायचं त्यापेक्षा बरं चालतं, पण यंत्र माझंच चांगलं आहे.

२. धाकट्या भावाला माझी आरामखुर्ची. "दिसत नाही आणि पुस्तकं कसली घेतोस?" हे त्याने आजवर माझ्यासमोर उभं राहून विचारलं. यापुढे बसून विचारावं.

३. पुस्तकं. ती चारही खोल्यांत आहेत, पलंगाखाली आहेत आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या मागेही आहेत. डोळे होते तेव्हा मी बेताने घ्यायचो. डोळे गेले आणि हाताला धरबंध राहिला नाही. कोपऱ्यावरचा पुस्तकवाला दारात आला की मी आधी पुस्तकाची जाडी चाचपायचो. तो म्हणायचा, "काका, विषय तरी विचारा." मी विचारायचो, "याचा दुसरा भाग आहे का?"

सुनेला हवी ती पुस्तकं तिने घ्यावीत. बाकीची पुस्तकवाल्याने फुकट न्यावीत. ती त्याला पुन्हा मला विकता येणार नाहीत, एवढं एक समाधान.

४. हे घर आणि बँकेतली शिल्लक सर्वस्वी सुनेची. माझा एकुलता मुलगा आजारपणात गेला, तेव्हा ती माहेरी जाणार असं सगळे धरून चालले होते. ती राहिली. दवाखान्यातली पाळी संपवून यायची, हातपाय धुवायची, मला वाचून दाखवायला पुस्तक उघडायची आणि म्हणायची, "हं बाबा, कुठवर आलो होतो?" घर तिने विकावं, भाड्याने द्यावं, नाहीतर कुलूप लावून ठेवावं. भावाने यात तोंड घालू नये.

५. हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. वकीलबाई म्हणतात, असं कायद्यात बसत नाही. न बसो, लिहा.

दूरच्या गावच्या मोठ्या दवाखान्यात सुनेला मुख्य परिचारिकेची जागा मिळते आहे. फोनवर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू. आमचं पुस्तक अर्धं राहिलंय." मी पलीकडच्या खोलीत होतो. माणसाचे डोळे जातात, कान जात नाहीत.

त्याच दुपारी मी पुस्तकवाल्याला बोलावलं आणि सहा भागांचा संच घेतला. सून हसली, "बाबा, हे संपेपर्यंत मी म्हातारी होईन." मला नेमकं तेच हवं होतं. मला पुस्तकांची गरज नव्हती. वाचण्यासारखं काही उरलं नाही तर ती जाईल, ही भीती होती. मुलगा गेल्यावर या घरात मी तिच्याच आवाजाने जगलो आहे.

पोरी, इथे तू थांबली असशील. पाणी पी आणि पुढे वाच. ती नोकरी घे. माझ्या जेवणाखाण्याची सोय शेजारच्या खानावळीत लावली आहे, रात्री सोबतीला भाऊ येणार आहे. तो बोलून बोलून जीव घेईल, पण येईल. तुझं वय कोणाची पुस्तकं संपवण्यात घालवायचं नाही.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर पूर्ण वाचला गेला. कलम पाचवर वाचणारीने पाणी मागून घेतलं. त्यानंतर वाचणारीच्या आग्रहावरून पुढील कलम वाढवलं.

६. सून नोकरीवर रुजू होईल. अर्धं राहिलेलं पुस्तक ती दर रविवारी फोनवरून वाचून दाखवील. ते संपेपर्यंत लिहून देणाऱ्याने एकही नवं पुस्तक विकत घ्यायचं नाही.

लिहून देणाऱ्याने शेवटच्या अटीला हरकत घेतली. मग सही केली.

साक्षीदार: १. डोळ्यांचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचा पुस्तकवाला (सही, नाइलाजाने)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार