तीन डोळ्यांच्या भाडेकरूचा आवाज

बाबा, तुम्हाला लिहायचं मी बरेच दिवस टाळतेय. बसले की आधी चहा टाकते, मग गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचं रंगकाम बघत राहते (वारज्यात यंदा सगळ्यांनी मिळून मोरपंखी रंग स्वस्तात आणलाय बहुतेक), आणि लिहायचं राहून जातं. आज बसलेय, कारण उद्या सकाळी स्टुडिओत जायचंय, आणि जावं की नाही हे विचारायला दुसरं कोणी नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं अर्धवट सुटलेलं कॉलेज, मनालीतलं हॉस्टेल, गोव्यातला कॅफे, यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. त्या कॅफेत एक मांजर होतं, ते... असो, राहू दे. सध्या मी पडद्यावरच्या पात्रांना आवाज देते.

एक जपानी कार्टून मालिका आहे, ॲनिमे म्हणतात, मोठी माणसंही बघतात. तिच्यात परग्रहावरचे लोक एका साध्या गल्लीत भाड्यानं राहतात. युद्ध नाही, तबकड्या नाहीत, कोणाला त्याचं नवलही वाटत नाही. एक अख्खा भाग ओला कचरा कोणत्या वारी द्यायचा यावर आहे. तुम्ही मन लावून बघितली असती आणि मध्येच विचारलं असतं, ‘पन त्याईले खोली देते कोन?’

ती मराठीत करायचं आमचं काम. पडद्यावरच्या तोंडाच्या उघडझापेत वाक्य बसवायचं. तोंड मिटलं की शब्द संपला पाहिजे. मला मिळाला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. तीन डोळे, अंग ढब्बू मिरचीसारखं, आणि तोंडच नाही. आवाज गळ्यातून कुठूनतरी येतो. म्हणूनच तो नवख्या मुलीला दिला, चुकायला जागाच नाही. पहिल्याच दिवशी माझं वाक्य संपलं आणि हा आपला हात हलवतोच आहे. ती मोकळी जागा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काय सांगू बाप्पा तुमाले, मले तं काईच समजून नाई रायलं.’ कुठून आलं, देव जाणे. मी खडकीत वाढलेली, शाळेत असं एक अक्षर कधी बोलले नाही. काचेपलीकडे सगळे हसत सुटले. आमचे दिग्दर्शक पेठेतले, सहसा हसत नाहीत. ते माइकवर म्हणाले, ‘हेच ठेवा. एकदम परग्रहावरचा वाटतोय.’

‘सर, ती आमच्याकडची भाषा आहे. विदर्भातली.’

‘असेल की. तिकडे रेल्वे जाते, कल्पना आहे आम्हाला.’

तेव्हापासून मला खडकीच्या आपल्या फॅक्टरी क्वार्टरमधला तो रविवार सारखा आठवतो. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत पालकसभा होती. तुम्ही ओट्यापाशी पातोड्यांचा रस्सा करताय, तिखटानं तिघांची नाकं गळतायत, आई कांदा चिरतेय, आणि माझ्या बाईंशी काय बोलायचं ते तुम्ही तिच्यासमोर म्हणून बघताय. ‘आपण म्हणता ते बरोबर आहे. मुलीचं लक्ष नसतं.’ आईला हसू फुटतं. ‘काहून हासतं वं?’ तुम्ही चिडता, आणि लगेच सावरून, मान ताठ करून म्हणता, ‘आपण हसू नये.’ मग तर ती सुरी बाजूला ठेवून हसते. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतून अर्धी सुट्टी टाकून तुम्ही आलात, इस्त्रीचा शर्ट घालून. बाई म्हणाल्या, ‘अहो, तुमची मुलगी तासाला खिडकीबाहेर असते. घरी कोणी बोलतं का तिच्याशी?’ तुम्ही फक्त ‘हो मॅडम’ म्हणालात. दोनदा. येताना मी विचारलं, बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, ‘बोललो असतो तं त्याईनं आयकलं असतं का हासल्या असत्या, कोनाले ठाऊक.’

तुम्ही गेलात, क्वार्टर सोडावं लागलं, आई यवतमाळला मामाकडे गेली ती पुण्यात परत आलीच नाही. तिला मी कॉम्प्युटरचं काम करते एवढंच सांगितलंय.

दुसऱ्या भागात तो भाडेकरू आपल्या ग्रहावर आईला फोन लावतो. पलीकडून काहीच येत नाही, फक्त खरखर. तरी तो बोलतो. मी बोलले, ‘इथं जेवाचं बरं हाये वं माय. तू काई फिकीर नको करू.’ शेवटचं वाक्य रडतच संपलं. मग दिग्दर्शक म्हणाले, ‘छान. आता जरा वरच्या पट्टीत घ्या. रडका एलियन कोण बघणार, तुम्ही?’ मी वरच्या पट्टीत घेतलं. ते हसले. मालिकेत तेच लागलं, आणि तोच तुकडा आता सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. आमच्या खालचा दूधवाला तो लावून पिशव्या मोजतो.

उद्यापासून पुढचे सगळे भाग सुरू. मी काल सरांना म्हणाले, साध्या मराठीत करू या का? ते म्हणाले, ‘नको असेल तर राहू दे. तो आहे की.’ तो म्हणजे नारायण पेठेतला एक मुलगा, त्याला सगळे आवाज काढता येतात. त्यानं हाही काढून दाखवला. त्या फोनच्या प्रसंगात भाडेकरूच्या आईलाही ‘बे’ म्हणाला. आईला कोण ‘बे’ म्हणतं, बाबा? पण कोणाच्या लक्षात आलं नाही, सगळे पोट धरून हसले. म्हणजे मी केलं तर मी, नाही केलं तर तो. कुठूनही बघा, हसणार ते तुम्हालाच.

थांबा, इंटरकॉम वाजतोय.

वॉचमन होता. म्हणाला, ‘मॅडम, खाली एक बाई आल्यात पिशव्या घेऊन. यवतमाळवरनं. तुमच्या आई आहेत म्हणतात.’ मग आवाज खाली करून, हसू दाबत, ‘त्या व्हिडिओतल्या एलियनसारखं बोलतात हो.’ त्याला काहीतरी सुनावायला हवं होतं. मी म्हणाले, ‘हो, पाठवा ना त्यांना वर, प्लीज.’ अगदी इथल्यासारखं.

न कळवता ती कधी कुठे गेलेली नाही. मामाच्या पोरानं तिला ते दाखवलं असेल, की सहजच आली असेल, मला काय माहीत. लिफ्ट निघालीय. हा कागद मी गादीखाली सरकवतेय. ती काहीही म्हणाली तरी उद्या मी जाणार आहे, बाबा. नाहीतर तो मुलगा करेल, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे, त्या काचेच्या खोलीबाहेर मला तुमच्यासारखं बोलताच येत नाही.