वन्सं, साबण परत आला!

बुऱ्हाणपूर,
रथसप्तमीचा दुसरा दिवस

ती. सौ. वन्सं,

तुमच्या पायाशी मालतीचा नमस्कार. (गुडघे धरलेत असं कळलं, म्हणून लांबूनच करते.) जावईबापूंची शुगर आटोक्यात असेल, मुक्ताईनगरची थंडी ओसरली असेल. इकडे तुमचे भाऊ बरे आहेत. माझं डोकं मात्र संक्रांतीपासून तापलेलं आहे आणि त्यात तुमचाही हात आहे. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही मधेच 'कुकर झाला' म्हणून ठेवून देता. पत्र असं ठेवता येत नाही.

तुमची लेक भूमिका कॉलेजसाठी माझ्याकडे राहते आणि कबड्डी खेळते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आवडत नाही. त्यांना शिकवणाऱ्या चेतनच्या युवक मंडळातल्या या पोरी खडीच्या मैदानावर खेळतात. संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना लावून लावून माझा हळदीचा डबा रिकामा होतो. सरावाला मॅट आली नाही तर यंदा मोठ्या सामन्यांना उतरायचं नाही, असं चेतननं सांगून टाकलं. म्हणून पोरींनी साबण करून विकायचं ठरवलं. कुठे? माझ्या स्वयंपाकघरात, आणखी कुठे! खोबरेल तेल, कडुनिंब, हळद आणि कॉस्टिक सोडा. तो सोडा एका शहाणीनं अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात कालवला. वन्सं, पातेलं असं फसफसलं की मी देवाचं नाव घेतलं! पार काळंठिक्कर पडलं. तुमच्या आईंचं पातेलं. (हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. आता सांगून झालं.) मग दोन घाण्यांच्या त्या वड्या महिनाभर केळीच्या कॅरेटमध्ये, माझ्या दिवाणाखाली वाळत पडल्या.

संक्रांत आली आणि माल हातोहात खपला. मोहल्ल्यातल्या बायांनी हळदीकुंकवाला लुटायचं वाण म्हणून पहिला घाणा सगळा उचलला. पोरी नाचल्या, मीही नाचले, लगेच दिवाणाखालचा दुसरा घाणा बाहेर काढला. आणि तो कोणी घेईना! का? अहो, एकीनंही साबण उघडला नव्हता. हिला मिळालेला तिनं लुटला, तिला मिळालेला हिनं. वाणाला नाही म्हणता येत नाही आणि पोरींनी केलेला साबण अंगाला लावायला कोणी धजत नाही, मग ढकला पुढे! तेच साबण गावभर, शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत फिरत होते. मग नवे कोण कशाला विकत घेईल?

मला कसं कळलं, ते ऐका. रिबीन संपली म्हणून एका साबणाला मी माझ्या जुन्या साडीचा हिरवा काठ बांधला होता आणि तो शेजारच्या मालूबाईला दिला होता. नंतर तुम्ही इकडे येऊन तिच्याकडे कुंकवाला गेलात. पुढे मी तुमच्याकडे आले, तर तुम्ही माझ्या हातावर काय ठेवलंत? हिरवा काठ! मालूबाई परकी आहे हो, तिचं मी समजू शकते. पण त्या साबणाच्या कागदावर तुमच्या लेकीचं अक्षर आहे. सोड्यानं तिची बोटं सोलली आहेत. निदान हुंगून तरी पाहायचा! इच्छापूर येईपर्यंत मी बसमध्ये रडत होते, तिथून पुढे दातओठ खात आले.

मग माझं हळदीकुंकू निघालं. मी निरोप पाठवला, पुढे द्यायला ठेवलेला साबण घेऊन येईल तिला स्टीलची वाटी. (झाडून सगळ्या आल्या.) दारातच बादली, तांब्या आणि टॉवेल. आधी साबण फोडायचा, हात धुवायचे, मग कुंकू. ओला साबण वाणात देणार कशी? मालूबाई फणफणली, "ये क्या जबरदस्ती है, मालतीबाई?" मी म्हटलं, "हो, जबरदस्तीच आहे, धुवा!" थोड्या वेळानं बघते तर सगळ्याजणी आपापले हात हुंगताहेत. रथसप्तमीपर्यंत वाण तर लागणारच होतं, तेव्हा दुसरा घाणा माझ्या दारातूनच विकला गेला. परवा मॅट आली. पोरी चपला काढून तिच्यावर नुसत्या लोळल्या. मला हसू आलं, पण राग काही गेला नाही, आणि तुमच्यावरचा तर मुळीच नाही.

मोठ्यांना जास्त बोलले असेन तर बोलले. माफी भेटल्यावर मागेन.

तुमची भावजय,
मालती

ता.क. : सोबत तोच साबण पाठवते आहे, हिरवा काठ काढून. मी त्यानं मुद्दाम हात धुतले आहेत, आता कोणालाच देता येणार नाही. अंगाला लावा.

ता.क. २ : रविवारी नेपानगरला सामना आहे. भूमिका कॅप्टन आहे. ती तुम्हाला बोलावणार नाही. 'आईला नाही आवडत' म्हणते आणि मग दिवसभर फोनकडे बघत बसते. या हो, वन्सं. तुम्ही नुसत्या समोर बसा, तुमचे गुडघे मी चेपून देईन.

ता.क. ३ : येताना माझा नेहमीचा चंदनाचा साबण आणा, पापडाच्या डब्यात तळाशी घालून. इथे दुकानातून घेतला तर पोरींना कळेल. हा कडुनिंबाचा मला सोसत नाही, सगळ्या अंगाला खाज सुटते, कधीपासून बेसनानं अंघोळ करते आहे. भूमिकाला बोललात तर पातेल्याची शपथ!