कपाट खाली कर

गोमती नगर, लखनौ
२० नोव्हेंबर १९९६

चि. सौरभ,

आशीर्वाद. काल, मंगळवारी १९ तारखेला, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी मी बँकेत हयातीचा दाखला देऊन परत आले, तेव्हा माझ्या या चाकांवरच्या घरात माझं काहीही उरलेलं नव्हतं. सरकारदरबारी मी जिवंत आहे, तुझ्या हिशेबी नसावे.

शिवांगीचा खोकला कसा आहे? आजीने सांगितलाय म्हणून तिला आल्याचा काढा दे.

मी तुझ्यासाठी चिठ्ठी ठेवली होती : "कपाट खाली कर. मला झेपत नाही." ट्रेलरच्या छताला टेकलेलं कपाट वीतभर खाली आणून बसवायचं होतं. ड्रिल, स्क्रू, पट्ट्या ओट्यावर काढून ठेवल्या होत्या. भिंतीवर पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या. तू हिंदीतलं 'खाली' वाचलंस आणि कपाट रिकामं केलंस. मग हात लागला आहे तर बाकीचंही. तुझ्या बाबांची हत्यारं, माझी भांडी, गादीसुद्धा पोत्यांत भरून तुझ्या फ्लॅटवर. काल मी शेजारच्या सरलाजींच्या सतरंजीवर झोपले.

त्यांच्याच फोनवर तू म्हणालास, "आई, आपने ही तो लिखा था. मैं तो ख़ुश हो गया कि आप मान गईं."

मी मानले नाही. बाबा गेल्यापासून दोन वर्षं तू फ्लॅटवर ये म्हणतोस आणि दोन वर्षं मी नाही म्हणते. एवढी 'नाही' तुला ऐकू आली नाहीत, आणि एका 'खाली'त 'हो' सापडलं. वर मलिहाबादच्या बागवाल्याला शब्दही देऊन बसलास : रविवारी, एक डिसेंबरला, ट्रॅक्टर येणार, ट्रेलर ओढून नेणार, आणि आंब्याच्या हंगामात त्यात राखणदार झोपणार.

तू त्याला डबा म्हणतोस. बाबांनी तो फिरायला बांधला होता, मी त्यात राहते. छप्पर गळत होतं, ते मी डांबर आणि कापड लावून बंद केलं. खालचं कुजलेलं प्लायवूड मी बदललं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा माप उलटं घेतलं. दिवे बॅटरीवर आणले. नळाचा पंप अजून कुरकुरतो. त्याचं आणि माझं भांडण चालू आहे, त्यात तू पडू नकोस.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मागच्या रविवारी त्याच कपाटातून पान्हा काढताना मी स्टुलावरून पडले. मनगट सुजलं आहे. बँकेतल्या माणसाने माझी सही तीनदा ताडून पाहिली. म्हणून 'झेपत नाही' लिहिलं. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू त्याच दिवशी पोती घेऊन आला असतास.

आणि आणखी एक. तू तिसरीत असताना बाबा रोज संध्याकाळी तुला मराठी वाचायला बसवत. ते मी बंद केलं. म्हटलं, या गावात हा मराठी बोलणार कुणाशी? मी कॉन्व्हेंटमधली, इंग्रजीपुढे मला काही दिसत नव्हतं. बाबांनी पुस्तक मिटून ठेवलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला काल मिळालं. माझ्याशी.

तेव्हा कपाटाची चूक अर्धी माझी. ट्रॅक्टरची सगळी तुझी.

बागवाल्याला नकार दिलास हे आणि सामान कधी आणतोस ते लेखी कळव. शुक्रवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. मराठीत. चुका असल्या तरी चालतील, मी तपासणार नाही. फोन मात्र नको. फोनवर तू लखनौचं गोड बोलतोस आणि मी हो म्हणून बसते.

उत्तर आलं नाही, तर रविवारी मी आतून कडी लावून बसेन. ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून ठेव, आत माणूस आहे.

आई