शेजारचे टेबल

मी, व्हर्डेल ऑगस्टा पेटीग्रू, वय एक्याऐंशी, धंदा अक्षरे व वेष्टने रेखाटण्याचा, राहणार शिकागोच्या दक्षिण भागात, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. हात थरथरतो, डोके थरथरत नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. गळ घालायला घरात कोणी नाही. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात नावे घातलेली बरीच माणसे माझ्याआधी गेली.

१. बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या भावाची मुलगी रोझेटा हिला द्यावे. चर्चला घालायच्या माझ्या रविवारच्या टोप्याही तिच्याच. जांभळी टोपी पावसात घालू नये. घर मात्र तिला देत नाही, आणि याचा तिने राग मानू नये. ती दर नाताळला अटलांटाहून फोन करते आणि म्हणते, "आत्या, वीक ते घर आणि ये इकडे. एकटी काय करतेस तिथे?" मी म्हणते, "एकटं राहायची सवय मला नोकरीने लावली गं, घराने नाही." तिला वाटते मी थट्टा करते.

२. माझी सर्व मूळ रेखाटने घरातल्या सपाट खणांच्या कपाटात आहेत. मक्याच्या पिठाच्या पिवळ्या डब्याचे रेखाटन सगळ्यात वरच्या खणात आहे. तो डबा अजून दुकानात मिळतो. केसलिंग आणि मंडळी या जाहिरात कंपनीत असताना तो मी केला. पीठवाल्यांना डब्यावर डोक्याला फडके बांधलेली, दात दाखवून हसणारी काळी स्वयंपाकीण हवी होती. मी केसलिंगसाहेबांना म्हटले, "ती बाई मी काढणार नाही. माझी आई मक्याचा पाव करायची तेव्हा हसत नसे, घाईत असे." मग मी नुसती अक्षरे काढली, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी जाड आणि गोल. डबा खूप खपला. वर्षअखेरीला बक्षीस मिळाले ते साहेबांच्या नावाने. त्यांनी प्रशस्तिपत्राची तसबीर करून माझ्याच टेबलाच्या वर टांगली आणि म्हणाले, "हे तुझंही आहेच की, व्हर्डेल!" मी त्या तसबिरीखाली बसून पुढची कितीतरी वर्षे काम केले. आजही दुकानात गेले की तो डबा उचलते. गल्ल्यावरची मुलगी विचारते, "पिशवी हवी का, आजी?" आणि मी माझीच अक्षरे विकत घेऊन घरी येते.

३. ल्युशियस टॉलिव्हर याचे कुंचले माझ्याकडे आहेत. ते त्याची मुलगी थिओडोरा हिला द्यावेत. ते तिचेच आहेत. त्याने शेवटच्या आजारपणात माझ्याकडे ठेवायला दिले, कारण घरी पाहिले की त्याला त्रास होई.

ल्युशियस आणि मी एकाच कला-शाळेत शिकलो, वर्गात काळी मुले आम्ही दोघेच. त्याचा हात माझ्याहून चांगला होता. माझ्या शेजारचे टेबल रिकामे झाले तेव्हा मीच त्याला बोलावले. तो इस्त्रीचा सदरा घालून, कागदांची गुंडाळी काखेत धरून आला. साहेबांनी एकेक कागद उलगडून पाहिला आणि म्हणाले, "काय हात आहे!" मग गुंडाळी नीट बांधून परत दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पण आमच्याकडे तू आहेस की, व्हर्डेल." जणू माझे कौतुकच करत होते.

जिन्यात ल्युशियस म्हणाला, "म्हणजे तुझ्या एका खुर्चीत दोघांनी बसायचं का गं?" आणि मोठ्याने हसला. मला हसता आले नाही. तो टपाल खात्यात चिकटला आणि सुट्टीच्या दिवशी न्हाव्यांच्या आणि मासळीवाल्यांच्या पाट्या रंगवत राहिला. पुढे त्याने लग्न केले. बाई चांगली होती. शेजारचे ते टेबल कंपनीने काढून टाकले आणि तिथे कुंडी ठेवली. तिला पाणी मी घालत असे.

४. केसलिंग आणि मंडळी यांना काहीही देऊ नये. अलीकडे त्यांच्याकडची एक तरुण बाई फोनवर फार गोड बोलली. त्यांना प्रदर्शन भरवायचे आहे, माझी रेखाटने हवीत. "तुम्ही आमच्याकडच्या पहिल्या कृष्णवर्णीय चित्रकार ना, मॅडम? केवढा मान!"

मी म्हटले, "पहिली नव्हे, बाई. एकटी. पहिलीच्या मागून कोणीतरी येतं."

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "इथे आताही मी एकटीच आहे." तिचे नाव विचारायचे राहून गेले, याची मला चुटपुट आहे. ती कधी घरी आली तर तिला कपाट उघडून सगळे दाखवावे. कंपनीला नाही, तिला.

५. राहते घर माझी शेजारीण आणि निवृत्त शिक्षिका श्रीमती ओफेलिया ब्रँटली यांच्या ताब्यात विश्वस्त म्हणून द्यावे. खालचा मजला भाड्याने द्यावा. त्या भाड्यातून वरच्या मोठ्या खोलीत आपल्या वस्तीतल्या, अक्षरे आणि आकार यांचे काम शिकू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना वर्षभर ठेवून जेवू घालावे. अट एकच. कधीही एकट्याला बोलावू नये. दोघे किंवा जास्त. एकाचीच सोय होत असेल तर दुसऱ्याचीही होईपर्यंत खोलीला कुलूप असावे. ओफेलिया म्हणाली, "अगं, एकाचं तरी भलं होईल ना?" मी म्हटले, "तसं भलं माझं झालंय." मग तिने कॉफी ओतली.

६. आमच्या चर्चमध्ये अंत्यविधीला छापील पुस्तिका वाटतात: वर फोटो, आत आयुष्य. कितीतरी वर्षे त्या सगळ्या मी काढल्या, ल्युशियसचीही. माझी काढलेली नाही, काढणार नाही. मला तयार साच्यातली पुस्तिका नको. विधी उरकून घ्यावा, पुस्तिका मागाहून वाटली तरी चालेल. वरच्या खोलीत येणाऱ्या पहिल्या मुलांनी ती करावी. त्यांनी मला पाहिलेले नसेल, तेव्हा माझ्याविषयी लोकांना विचारत हिंडावे. चुकले तर चुकू द्यावे. शेवटच्या पानाच्या तळाशी ती कोणी काढली त्यांची नावे हवीत. पूर्ण नावे, वाचता येतील एवढी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून सही करते.

व्हर्डेल ऑगस्टा पेटीग्रू

आमच्यादेखत सही झाली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही:
१. क्लेटस हॅनिबल, सुतार, समोरच्या घरात राहणार
२. जेनीव्ह मॅकॅडू, परिचारिका

शिकागो, इलिनॉय
९ ऑक्टोबर २०१९