फोरमनचा पाय

४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. खोकल्याचं औषध तू कुंडीत ओततोस, असं तुझ्या बायकोने मला स्वतंत्र पत्राने कळवलंय. पाळकाने एवढी लबाडी करावी? कुंडीतलं झाड मात्र तरारलंय म्हणते.

इकडे बरं आहे. तुझ्या भाचीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. महिन्यातून एक पत्र येतं, तेही चार ओळींचं. घरी ये म्हटलं की तिला नेमकी ड्यूटी लागते.

आज लिहायचं कारण वेगळंच. फोरमन आला होता. हो, तोच.

दुपारी मी इस्पितळाच्या तळघरातल्या आमच्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत एक गुडघा जुळवत होते. दार उघडलं आणि चाकाची खुर्ची आत आली. उजव्या पायाची विजार गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली. पायाच्या शिरा बंद पडल्या म्हणून पाच महिन्यांपूर्वी पाय कापलाय, असं कागदावर होतं. नाव वाचायची गरजच पडली नाही. अकरा वर्षांत केस पांढरे झालेत, पण मान तिरकी करून बघायची सवय तीच. गिरणीतल्या ज्या अपघातात हे गेले, त्याच्या चौकशीच्या दिवशी अशीच मान तिरकी करून त्याने सांगितलं होतं, की कागद दाबणाऱ्या रुळांवरची जाळी ह्यांनी आपणहून काढली आणि ह्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

माझ्या तोंडावर धूळ अडवायचं फडकं होतं, डोळ्यांवर चष्मा, डोक्याला टोपी. त्याने ओळखलं नाही. मी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि माप घेतलं. माझ्या हातात त्याचा उरलेला पाय होता, धाकट्या. गरम होता. माझे हात जरासुद्धा थरथरले नाहीत, याचं मला नवल वाटलं.

घरी आले आणि किती दिवसांनी पोटभर जेवले. देव झोपलेला नाही एवढंच म्हणते.

मुलांना पापे. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,

सप्रेम सलाम वि. वि. पत्र वाचून औषध खरोखरच प्यायलो. घसा कोरडा पडला होता.

ताई, हे काम दुसऱ्या कुणाला दे. तुमच्याकडे ते म्हातारे लाकूडकाम करणारे गृहस्थ आहेत ना, त्यांना दे. मला तुझ्या हातांची भीती वाटत नाही, तुझ्या त्या पोटभर जेवण्याची वाटते. त्याचा न्याय करणारा आहे. तो तू नाहीस आणि मीही नाही. शिवाय त्याला आपण अकरा वर्षांपूर्वीच माफ केलंय. दफनाच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. दिलेली क्षमा परत मागून घेता येत नाही.

रागावू नकोस. तू रागावलीस की तुझं अक्षर मोठं होतं आणि तिकीट जास्तीचं लागतं.

घरचे सगळे आठवण काढतात. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

धाकट्यास,

आशीर्वाद.

आपण माफ केलं? कोणी आपण? माती टाकून झाली तेव्हा मी बोळक्या तोंडाच्या सासूबाईंना धरून उभी होते. तू झग्यात पुढे झालास, त्या माणसाला मिठी मारलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास की हे कुटुंब याला क्षमा करतं. लोक रडले. तुझं नाव झालं. मला कुणी विचारलं? त्या दिवसापासून प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की मी तोंड मिटते. अकरा वर्षं. शेजारी उभ्या असणाऱ्या बाईंना वाटतं मला दम लागतो.

तू काम दुसऱ्याला दे म्हणालास. उशीर झाला. पाय तयार आहे आणि त्याने घातलाही.

आता नीट वाच, म्हणजे मी काय केलं ते कळेल. आधी उरलेल्या पायाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. त्या घट्ट झाल्या की काढून त्या पोकळीत प्लास्टर ओततात आणि पायाची हुबेहूब प्रतिकृती काढतात. तिच्यावरून पाय बसायची वाटी घडवतात. नडगीचं हाड जिथे टोकाला येतं, तिथे प्रतिकृतीवर जास्तीचं प्लास्टर लावायचं असतं. म्हणजे वाटीत तेवढी जागा सुटते आणि हाड घासत नाही. हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मी तिथे प्लास्टर लावलं नाही. उलट कानस घेतली आणि होतं तेही घासून काढलं.

तो दोन कठड्यांच्या मधे उभा राहिला. पहिलं पाऊल टाकलं आणि कपाळावर घाम आला. दुसरं टाकलं तेव्हा ओठ पांढरे पडले. मी विचारलं, कुठे टोचतं का. तो म्हणाला, नाही बाई, छान बसलाय. मग बारा पावलं चालला. मी मोजली.

वडिलांना दारूने खाल्लं असं तुझी भाची अकराव्या वर्षापासून मानते. शाळेत पोरांनी सांगितलं, ते तिने खरं धरलं. मी शपथा घातल्या तर म्हणाली की बायका असंच म्हणतात. तिचं ते चार ओळींचं पत्र येतं तेव्हा मला काय होतं, ते तो फोरमन आता पावलोपावली शिकेल. मला जराही वाईट वाटत नाही. उत्तर नाही आलं तरी चालेल.

ताई


२६ मार्च

ती. ताईस,

सप्रेम सलाम वि. वि. तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

तू म्हणतेस ते खरं आहे. जो घाव माझ्यावर बसलाच नव्हता तो मी माफ करून मोकळा झालो. तेव्हा मला पाळक म्हणून नवी मंडळी मिळाली होती, लोक बघत होते, आणि मोठ्या मनाचा दिसायचा मोह मला आवरला नाही.

पण याहून वाईट एक आहे आणि ते सांगितल्याशिवाय तुला उपदेश करायचं तोंड मला नाही. ताई, फोरमनचं बोलणं मीही खरं मानलं होतं. भावोजी लग्नाकार्यात एखादा पेला घ्यायचे, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, घेतली असेल त्या दिवशी. तुझी पोर चार वर्षांनी मला एकटं गाठून विचारायला आली होती, की मामा, बाबा खरंच पीत होते का. मी म्हणालो, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. नाही म्हणालो नाही. तिने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

हे तुझ्यापासून लपवून मी तुझ्या घरी जेवलो, तुझी थट्टा केली, तुझ्या हातचे स्वेटर घातले. फोरमनला तुझ्या कानशीची शिक्षा असेल, तर मलाही काही असायला हवी. ती तू ठरव.

एकच मागतो. तो पाय त्याच्याकडून काढून घे. त्याच्यासाठी म्हणून नको घेऊस. तू रोज सकाळी तळघराच्या पायऱ्या उतरतेस, दुसऱ्यांना उभं करायला. तेच हात उद्या तुला ओळखू येईनासे होतील.

मला ताई म्हणू देशील अशा आशेने,

धाकटा


१४ एप्रिल

धाकट्यास,

तुझं पत्र मिळालं. तुझ्याबद्दल आज लिहिणार नाही. लिहिलं तर कागद फाटेल. पण तू सांगितलंस, हे मी बाजूला ठेवलंय.

तो तीनदा तपासणीला आला. तिन्ही वेळा मी विचारलं आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, छान आहे. चेहरा दिवसेंदिवस मेणासारखा होत चालला होता. मी घरी येऊन जेवत होते, झोपत होते. खोटं का बोलू? पण चौथ्या वेळी तो आलाच नाही. मी दोन दिवस वाट पाहिली, मग कागदावरचा पत्ता घेऊन गेले. का गेले ते मला विचारू नकोस. किती दुखतंय ते बघायला गेले असेन.

तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक खाट, भिंतीवर एक क्रूस. खिडकीपाशी तो पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याने दार उघडलं आणि मला माझ्या नावाने हाक मारली. तोंडावर फडकं नव्हतं म्हणून नव्हे. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं म्हणाला, माझ्या आवाजावरून. चौकशीत मी ओरडले होते, तो आवाज विसरला नव्हता. वाटीत काहीतरी केलंय हेही त्याला पहिल्या पावलाला कळलं होतं. त्याला वाटलं, ही आपली शिक्षा, देवाने योग्य माणसाच्या हातून पाठवली. म्हणून तो रोज तो पाय घालून प्रार्थनामंदिरापर्यंत चालत जायचा आणि यायचा.

त्याने पट्टी सोडली. नडगीच्या टोकावर कातडी उरली नव्हती. आत पू झाला होता. शिरा आधीच वाईट, त्यात हे. आता गुडघ्याच्या वरून कापावा लागला तरी तक्रार नाही, असं तो शांतपणे म्हणाला.

धाकट्या, मला दया आली असं तुला वाटत असेल. मला असा संताप आला की दाराची कडी माझ्या हातात वाकली असती. माझा सूडसुद्धा या माणसाने स्वतःच्या कामाला लावला! मी दिलेल्या दुखण्यावर हा आपलं पाप फेडत बसला होता, आणि माझ्या नवऱ्याच्या नावावर दारूचा डाग तसाच. मी त्याला म्हणाले, की तुझ्या पायातल्या पुवाने त्यांचं नाव धुतलं जाणार नाही. जिथे खोटं बोललास तिथे जाऊन खरं बोल. माझ्या मुलीला सांग. त्याच्याआधी देवापुढे उभं राहायचं तुला काय कारण? तो रडला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग मी गाडी बोलावली आणि त्याला इस्पितळात नेलं. जिन्यात त्याचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि कानशीचं सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, चुकून झालं का. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. चौकशी होईल. तोवर मला रुग्णाला हात लावायचा नाही. मी भांडारात पट्टे आणि बकलं वेगळी करत बसते.

मी पाप केलं, हे मला माहीत आहे. पश्चात्ताप अजून पुरता होत नाही, हेही माहीत आहे. अशा माणसाने प्रार्थना कशी करायची, हे तुमच्या शिक्षणात कुठे असेल तर कळव.

ताई

(सोबत एक नक्कल पाठवते. त्याने इस्पितळात पडल्या पडल्या लिहिलं आणि माझ्या मुलीला धाडण्याआधी मला दाखवलं.)


१३ एप्रिल

मुली,

आशीर्वाद लिहायचा मला अधिकार नाही, म्हणून तसंच सुरू करतो. मी तुझ्या वडिलांचा फोरमन.

त्या दिवशी कागद रुळांत सारखा अडकत होता. जाळी काढली की हात घालून लवकर निघायचा, म्हणून मी ती काढायला लावली. तुझ्या वडिलांनी दोनदा नाही म्हटलं. मी सगळ्यांपुढे म्हणालो, की बायकोला विचारून येतोस का. सगळे हसले. हसले म्हणून ते पुढे झाले.

दारूचा वास नव्हता. त्यांच्या अंगाला कागदाच्या लगद्याचा वास होता. तो आम्हा सगळ्यांनाच यायचा. मी घाबरलो होतो आणि मेलेला माणूस उत्तर देत नाही.

हे मी गिरणीच्या कचेरीला लिहून पाठवलंय आणि येत्या रविवारी मंडळीपुढे उभा राहून सांगणार आहे. तू क्षमा करावीस म्हणून लिहिलं नाही. देवाकडे मी ती रोज मागतो आणि तो देईल अशी आशा धरतो. पण तुला खोट्यात ठेवून त्याच्याकडे मागत होतो, हे तुझ्या आईने मला दाखवलं. तुझे वडील चांगले होते. एवढंच.

फोरमन


९ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. अक्षर लहान आहे, पाहिलंस का?

गुडघा वाचला. पू थांबला. तो मंडळीपुढे कुबड्या घेऊन उभा राहिला आणि सगळं बोलला. मी मागच्या बाकावर होते. काही बायका नंतर माझा हात धरायला आल्या, त्यातल्या दोघी अकरा वर्षं माझ्या शेजारी बसायचं टाळत. मी हात धरू दिला. गिरणीच्या नव्या मालकांनी त्याचा कागद ठेवून घेतलाय, पुढे काय करतात बघू. माझी चौकशी पुढच्या महिन्यात आहे. नोकरी जाईल बहुधा. गेली तर ती मी घालवली आहे, कुणावर ढकलायची नाही.

तुझी भाची परवा आली, न कळवता, एक पिशवी घेऊन. उंबऱ्यातच माझ्या गळ्यात पडली आणि अकरा वर्षांचं एकदम रडली. बाबांना ती मनातल्या मनात काय काय म्हणाली होती, ते सगळं मला ऐकवलं. मीही तिला कानशीचं सांगितलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली की आई, तू कानस आणखी खोल घालायला हवी होतीस, तो पाय मांडीपासून जायला हवा होता. ते शब्द मी मनात रोज घोळवले होते, पण तिच्या बावीस वर्षांच्या तोंडून ऐकवेनात. तिला काय सांगू? मी काय सांगणार?

काल ती त्याच्या खोलीवर गेली. मी मागोमाग गेले, तिच्या हातून काही होऊ नये म्हणून. जिनाभर ती काय काय सुनवायचं ते पुटपुटत होती. त्याने दार उघडलं, तिला पाहिलं आणि खाटेवर बसला. तिने बोलायला तोंड उघडलं आणि तिची नजर पट्टीवर गेली. पट्टी सैल झाली होती, बाहेरपर्यंत ओली. ही कुणी बांधली, असं तिने दरडावून विचारलं. तो म्हणाला, मीच. ती पुटपुटली की असं कुणी बांधतं का, आणि कोपऱ्यातल्या नळावर जाऊन कोपरांपर्यंत हात धुतले.

मग खाली बसून तिने ती पट्टी सोडली. पाऊण तास लागला. तिने जखम धुतली, कडा तपासल्या, नवी पट्टी बांधली. तिचा जबडा आवळलेला होता, पण हात मऊ होते. मी दाराशी उभी राहून त्या हातांकडे बघत होते आणि धाकट्या, मला देवाकडे काहीतरी मागता आलं. काय, ते माझं मला.

त्याने घाबरत विचारलं की भरतेय का. तिने वर न बघता सांगितलं, भरतेय, पण वेळ लागेल, आत्ताच भार टाकायचा नाही. उद्या परत येईन म्हणाली.

तू ये. तिला तुझ्याकडून ऐकायचं आहे, की तेव्हा तिच्या प्रश्नाला ‘नाही’ असं का म्हणाला नाहीस. उपदेश घरी ठेवून ये, स्वेटर घालून आलास तरी चालेल. मी दार उघडीन. त्याच्या पुढचं मला अजून ठाऊक नाही.

माया आहे, म्हणूनच इतकी रागावले. तीही तशीच राहू दे.

तुझी,
ताई