माझ्या टोमॅटोचा मास्टर स्विच

३ मार्च
आजपासून पाणी बंद. बेंचच्या डावीकडे साध्या टोमॅटोच्या कुंड्या, उजवीकडे माझा जीन घातलेल्या. हा जीन मास्टर स्विच आहे. बाकीच्या जीनना तोच कामाला लावतो. दुष्काळ झेलणार, करपाही झेलणार. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, पाणी वाचवायला लागलेल्या झाडाचं रोगाकडे दुर्लक्ष होतं, दोन्ही दावे करू नका. करणार! बेंच कुणाला द्यायचा ते ठरवणारी कमिटी १२ तारखेला येतेय, तिच्यासमोर करणार. काचघरात बेंच एकच, ज्युनियरचाही त्यावर डोळा आहे. बघू कोण उठवतं मला.

७ मार्च
माझ्या रोपांनी पानं गुंडाळली. साधी मात्र टवटवीत. काहीतरी काळंबेरं आहे.

८ मार्च, सकाळ
उलगडा झाला. कुणीतरी लेबलं बदलली! ज्युनियर म्हणतो, हातही लावला नाही. न विचारताच म्हणाला, म्हणजे तोच. मॅडम म्हणाल्या, आधी डीएनए टेस्ट करा. स्वतःचं लेकरू ओळखायला टेस्ट कशाला? त्यांच्या समाधानासाठी पानांचे तुकडे दिले पाठवून. पण रिपोर्टची वाट बघत बसणाऱ्यातला मी नाही. लेबलं जागच्या जागी लावली. गुंडाळलेली रोपं कुंड्यांसकट मागच्या भिंतीशी, भंगारात.

१० मार्च
टवटवीत रोपांवर करप्याची बुरशी फवारली. होऊन जाऊ दे. बायको म्हणाली, निदान रिपोर्ट तरी येऊ दे. घरातूनच असा पाठिंबा.

११ मार्च
पानं किंचित मलूल. ऊन फार आहे.

१२ मार्च
कमिटी आली. रोपांनी माना टाकलेल्या, पानभर करप्याचे डाग. मी ठणकावून सांगितलं, ही विश्रांतीची अवस्था आहे. एका वयस्कर मेंबरनी विचारलं, कधी उठणार? बेंच ज्युनियरला.
हा निव्वळ कट आहे.

१३ मार्च
रिपोर्ट आला. कमिटीपुढे मेली ती साधी रोपं. जीन गुंडाळलेल्यांत. लेबलं पहिल्यापासून बरोबर होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पान गुंडाळतं ते पाणी वाचवायला. तुमच्याच प्रबंधात आहे."
मागच्या भिंतीकडे पळत सुटलो. इतक्या दिवसांत पाण्याचा थेंब नाही, तरी रोपं हिरवीगार. म्हणजे मी बरोबर होतो! दुष्काळापुरता तरी. करप्याचंही सिद्ध करीन.
कुंड्या उचलून तडक काचघरात गेलो आणि ज्युनियरला विचारलं, बेंचचा कोपरा मिळेल का?
तो म्हणाला, "ठेवा की, सर. फक्त लेबलं मी लावतो."